बाजारची वाढवून ठेवा

आमच्या पॉवरहाऊसात 'बंद करा' असं कोणी म्हणत नसे. इंजिन थांबवायचं असो, एखाद्या भागाची लाईन तोडायची असो की ऑफिसातला एक दिवा घालवायचा असो, शब्द एकच होता, 'वाढवा'. ज्यांनी जुन्या माणसांचं बोलणं ऐकलं आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. घरात दिवा विझवला असं म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. दुकानदार संध्याकाळी दुकान वाढवतो. बांगडी पिचली तरी ती वाढली असंच म्हणायचं. जे संपलं त्याला तोंडानं संपलं म्हणू नये, एवढाच त्यामागचा संकोच आहे. मला हा संकोच फार आवडत असे. अजूनही वाईट वाटत नाही त्याचं. पण त्या एका शब्दामुळे आमच्या इथे एक माणूस गेला आणि दोघांचं नाव खराब झालं. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. या अंकासाठी माझ्याकडे पॉवरहाऊसच्या आठवणी मागितल्या आहेत, तर त्यात ही टाळून बाकीच्या सांगणं मला जमणार नाही.

हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. पूर्णेहून येणारी रेल्वे आमच्या गावी येऊन संपायची. युद्धाच्या थोडं आधी एका जिनिंगवाल्या शेठजींनी सरकारी परवाना काढून स्टेशनच्या रस्त्यावर पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या, दोन तेलाची इंजिनं आणली आणि गावाला वीज द्यायला सुरुवात केली. मी त्या आधी शाळेत शिकवत होतो. इंजिनाबरोबर आलेली इंग्रजी पुस्तकं वाचता येणारा माणूस शेठजींना हवा होता. मला तेवढंच येत होतं. सुपरवायझर झालो तरी लोक 'मास्तर'च म्हणत राहिले.

वीज म्हणजे तेव्हा दिवेलागणीपासून मध्यरात्रीपर्यंत. दिवसा इंजिन थंड. इंजिन डायनॅमो फिरवायचं, डायनॅमोतून वीज एका मोठ्या संगमरवरी फळीवर यायची, आणि फळीवरून दोन लाईनी गावात जायच्या. एक बाजाराची. दुसरी छावणीची, म्हणजे दवाखाना, कचेरी आणि स्टेशन. प्रत्येक लाईनीला एक मोठा खटका. तो वर केला की लाईन सुरू, खाली ओढला की तुटली. त्याशिवाय एक गोल मूठ होती. ती उजवीकडे फिरवली की दिव्यांचा उजेड चढायचा. दिवे मंद झाले की आम्ही ती फिरवायचो, आणि त्याला म्हणायचो 'लाईट वाढवणं'.

म्हणजे लाईट वाढवायची ती उजेड चढवण्यासाठी, आणि लाईन वाढवायची ती तोडण्यासाठी. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. आम्हाला नऊ वर्षांत एकदाही घोटाळा झाला नाही, कारण फळीपाशी करीमचाचा होते.

करीमचाचा आधी जिनिंगच्या इंजिनावर होते. वाचता फक्त उर्दू येई, पण इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून कुठल्या लाईनीवर किती भार आहे ते सांगत. मी पहिल्या आठवड्यात त्यांना म्हणालो, "चाचा, ते दोन नंबर बंद करा." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी पुन्हा म्हणालो. तेव्हा तेलाच्या चिंधीला हात पुसत म्हणाले, "मास्तर, बत्ती के घर में बंद-बुझाव नक्को बोलो. बढाव बोलो. हमारी माँ भी ऐसाच बोलती थी."

"आमच्याकडेही तसंच म्हणतात," मी म्हणालो.

"फिर? घर में अकल और इधर आके बेअकल?"

त्या दिवसापासून पॉवरहाऊसात मी कधी 'बंद' म्हणालो नाही.

पुढे शेठजींनी नियमांची पाटी लावायला सांगितलं. मी पुस्तकांतून काढून, उर्दू आणि मराठीत, चांगल्या अक्षरात चौदा कलमं लिहिली. त्यात एक होतं, 'लाईन बंद करण्याची पद्धत'. पाटी लागली तेव्हापासून दोन दिवस चाचांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मी पाटी उतरवली आणि नवी लिहिली. ते कलम कसं लिहावं हे काही सुचेना. 'बंद' लिहिलं तर चाचा रुसणार, 'वाढवणे' लिहिलं तर शेठजी हसणार. मी ते कलमच गाळलं. नव्या पाटीवर लाईन सुरू कशी करायची ते सगळं होतं. ती तोडायची कशी, तसा निरोप कोणी आणि कोणत्या शब्दांत द्यायचा, याबद्दल एक अक्षर नव्हतं. तेरा कलमांची ती पाटी नऊ वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती.

तिसरा माणूस मारोती, आमचा लाईनमन. कनेरगाव नाक्याचा. तिथे निजामाची हद्द संपून वऱ्हाड सुरू व्हायचं, आणि मारोतीचे अर्धे नातेवाईक ह्या बाजूला, अर्धे त्या बाजूला. आधी तो विहिरी खोदणाऱ्यांत होता. मी विचारलं, विहीर सोडून खांबावर कसा आलास? तर म्हणाला, "खाली जाऊन पायलं मास्तर, आता वर जाऊन पायतो. हिथं हवा तरी हाय." उंच, हडकुळा, बोलका माणूस. खांबावर चढला की त्याला जास्तच बोलायला सुचे. खालून जाणाऱ्या प्रत्येकाची तो वरून विचारपूस करी, आणि बायका पदर सावरत हसत पुढे जात.

गमतीचे दिवसही होते. पौर्णिमेच्या आसपास रस्त्यावरचे दिवे लावायचे नाहीत असा ठराव होता, चांदणं असतं म्हणून. त्यासाठी आमच्या भिंतीवर माझं पंचांग टांगलेलं असे, आणि करीमचाचा आपल्या महिन्याचा चंद्र बोटांवर मोजत. दोघांचा हिशेब एकच यायचा, तरी आम्ही रोज एकमेकांचा तपासायचो. गावात एक वकील होते. ते आभाळ आलेल्या पौर्णिमेला हातात कंदील घेऊन पॉवरहाऊसवर यायचे आणि लेखी अर्ज द्यायचे की आज चंद्र पंचांगात आहे, रस्त्यावर नाही, तरी योग्य ती तजवीज व्हावी. चाचा अर्ज इंजिनाशेजारच्या खिळ्याला लावत आणि म्हणत, "वकीलसाब, चाँद का कनेक्शन हमारे पास नहीं."

युद्धाच्या काळात तेल मिळेना. शेठजींच्या डोक्यात आलं की करडईचं तेल घालून पाहावं. पुस्तकात तसं चालतं असं लिहिलेलं होतं, मीच ते वाचून दाखवलं होतं. इंजिन चाललं. पण पुढचे पंधरा दिवस सगळ्या गावाला संध्याकाळी भजी तळल्याचा वास येत राहिला. मारोती सांगायचा की लोक त्याला थांबवून विचारतात, आज कांद्याची का मिरचीची.

एकदा डॉक्टरांची चिठ्ठी भर दुपारी आली. बाळंतीण अडली होती, पोट उघडायचं होतं, आणि दवाखान्याच्या त्या खोलीत उजेड पुरत नव्हता. एका दिव्यासाठी आम्ही आख्खं इंजिन सुरू केलं. तासभर गावात फक्त तो एक दिवा जळत होता. चाचा गोल मुठीवर हात ठेवून उभे राहिले, उजेड जराही हलू दिला नाही. संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला, दोघं सुखरूप. चाचांनी तो निरोप ऐकला आणि इंजिनाला तेल द्यायला गेले. आम्ही काही मोठं काम करतो असं मला वाटलं ते त्या दिवशी.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य संपलं. आधीचे महिने आणि नंतरचे काही आठवडे गावानं भीती पाहिली. आधी एकांनी, मग दुसऱ्यांनी. करीमचाचांच्या अंगाला कोणी हात लावला नाही, पण त्यांच्या शेजारची दोन घरं एका आठवड्यात रिकामी झाली. त्यांची मुलगी हैदराबादला होती. एका सकाळी ते किल्ल्या द्यायला आले. मारोती तिथेच सायकल पुसत होता.

"चाचा, काहून जाता? आमी हाव ना."

"तू है रे. तू तो खंबे पर रहता," चाचा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "मास्तर, मशीन बढाके रखा है. तेल देख लेना."

मी किल्ल्या घेतल्या. थांबा म्हणालो नाही. मी म्हटलं असतं तर ते थांबले असते असं नाही, पण त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं होतं, आणि मी खाली किल्ल्या मोजत होतो. तिथल्या कामाच्या खुणा, कुठला शब्द कशासाठी, नव्या माणसाला काय सांगावं, यातलं काहीही मी त्यांना विचारलं नाही. आमचं सगळं बोलणं त्यांच्या कानांवर चाललं होतं आणि ते कान निघून चालले आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

त्यांच्या जागी जोशी आले. सोलापूरच्या एका गिरणीच्या पॉवरहाऊसात काम केलेले, सर्टिफिकेट असलेले, तिशीच्या आतले. नीटनेटका, थोडा ताठ, कामाला चोख माणूस. आल्या दिवशी त्यांनी माझी पाटी वाचली आणि म्हणाले, "अक्षर छान आहे." मला बरं वाटलं.

मग दसरा जवळ आला. हिंगोलीचा दसरा मोठा, गोरेगाव-सेनगावकडून गाड्या जुंपून माणसं येतात. त्या वर्षी तर राज्य बदलल्यावरचा पहिलाच. बाजारपेठेनं ठरवलं की रस्ता उजेडानं भरून टाकायचा. दुकानादुकानांवर जादा दिवे लागले. भार वाढला, आणि दिवे मंद झाले. रोज संध्याकाळी कोणी ना कोणी व्यापारी पॉवरहाऊसवर येऊन जोशींना सांगे, बाजारची लाईट वाढवा हो. मीही सांगितलं होतं, "जोशी, बाजारकडे लक्ष ठेवा. मंद वाटलं की वाढवत चला." तीन दिवस ते हेच ऐकत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी कापडबाजारातल्या एका खांबावर जादा दिव्यांची तार जोडायची होती. इंजिन सुरू नव्हतं, त्यामुळे लाईन थंडच होती. मारोती वर, मी खाली. जुनी तार पिचलेली निघाली आणि काम लांबत गेलं. ऊन उतरलं. दुकानदार झेंडूची तोरणं बांधत होते. मारोती वरून एकाला सांगत होता, "शेट, डावीकडं खाली हाय. तुमच्या मनासारकं व्हईस्तोवर रावण मरून जाईल."

दिवेलागणीला इंजिन सुरू होणार. छावणीच्या लाईनीवर दवाखाना होता, ती वेळेवर सुरू व्हायलाच हवी. बाजारची मात्र आमचं काम होईपर्यंत तुटलेली राहायला हवी. असं अनेकदा झालेलं होतं. अशा वेळी चाचांना निरोप जायचा आणि ते बाजारचा खटका खाली ठेवून फक्त दुसरी लाईन सुरू करायचे.

मारोती म्हणाला, "मास्तर, अजून अर्धा घंटा लागून राहिला. चाचाला... न्हाई, त्या जोशीबाबाला सांगून धाडा."

पॉवरहाऊस तिथून चालत दहा मिनिटांवर. मी निघालोच होतो. तेवढ्यात दगडू टांगेवाला रिकामा टांगा घेऊन स्टेशनकडे निघालेला दिसला. पॉवरहाऊस त्याच्या वाटेवरच. मी त्याला थांबवलं. नेहमी जे म्हणायचो तेच म्हणालो.

"दगडू, जोशींना सांग, बाजारची वाढवून ठेवा."

"सांगतो की. बाजारची वाढवून ठेवा."

"हां."

दगडू गेला. मी खांबाच्या बुडाशी, कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. काम बाकी आहे, मारोती वर आहे, हे त्याला सांगावं असं माझ्या मनात आलं नाही. मला ते इतकं माहीत होतं की सगळ्यांनाच माहीत असणार असं वाटलं.

इंजिनाचा आवाज आमच्या गावात सगळीकडे ऐकू यायचा, आधी दोन-तीन जड ठोके, मग एकसारखी धडधड. तो सुरू झाला की बाजारात बोलणं थांबायचं. दिवा लागला की दुकानदार हात जोडत, गिऱ्हाईकही जोडत. त्या संध्याकाळी ठोके ऐकू आले तेव्हा मी मनात म्हटलं, चला, दवाखान्याचं झालं.

डायनॅमो सुरू होतो तेव्हा दिवे एकदम पेटत नाहीत. आधी तार लाल होते, मग पिवळी, मग पांढरी. माझ्यासमोरच्या दुकानातला दिवा लाल झाला. नव्या लावलेल्या माळाही. दुकानदारानं हात जोडले. त्या क्षणी मला आनंद झाला. नऊ वर्षं रोज संध्याकाळी व्हायचा तसा. तो किती वेळ टिकला मला सांगता येणार नाही, एका श्वासाचा असेल. पण तो झाला होता, आणि मारोती माझ्या डोक्यावर होता.

मी ओरडलो तोवर दिवे पांढरे झाले होते. मारोतीच्या तोंडून शब्द निघाला नाही. तो आधी तारेला धरून राहिला आणि मग दगडी फरशीवर पडला. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. दवाखान्यात उजेड चांगला होता.

नंतर कळलं ते असं. दगडूनं निरोप बरोबर दिला. जोशींनी त्याला विचारूनही घेतलं, "बाजारचीच ना?" दगडू म्हणाला, "व्हय, बाजारचीच." चौथ्या दिवशीही बाजारचा उजेड वाढवण्याचाच निरोप आला आहे, असं जोशींनी धरलं. त्यांनी दोन्ही खटके वर केले, इंजिन सुरू केलं, आणि सांगितल्याप्रमाणे गोल मूठ नेहमीपेक्षा जास्त फिरवली.

तपास करायला बाहेरून एक अधिकारी आले. सभ्य माणूस, हिंदीत बोलायचे, मराठी त्यांना येत नव्हतं. जोशी म्हणाले, मला वाढवायचा निरोप आला, मी वाढवलं. दगडू म्हणाला, "साहेब, जे सांगितलं ते म्या बराबर सांगितलं. एक अक्षर इकडचं तिकडं न्हाई."

मग अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "आपने क्या कहलवाया था?"

मी म्हणालो, "बंद रखने को कहलवाया था."

हे खोटं नव्हतं. ते माझ्या बोलण्याचं भाषांतर होतं. शाळेत मी मुलांना भाषांतर शिकवलेलं होतं, शब्दाला शब्द ठेवू नका, अर्थ सांगा म्हणून. मी अर्थ सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला आणि मी सही केली. दगडू माझ्याकडे बघत होता. त्याला हिंदी चांगलं समजत होतं. तो म्हणाला, "मास्तर, तुमी 'बंद' म्हणाले?" मी म्हणालो, "दगडू, अर्थ तोच." टांगेवाल्याचं म्हणणं आणि मास्तरांचं म्हणणं यांत कोणाचं खरं धरायचं, हे ठरवायला कोणाला फार वेळ लागला नाही.

निष्कर्ष असा निघाला की निरोप्यानं निरोप उलटा दिला, आणि ऑपरेटरनं तो खातरजमा न करता ऐकला. दगडूला काही झालं नाही, पण बाजारात त्याच्या हातून निरोप धाडणं लोकांनी सोडलं. जोशींना शेठजींनी काढून टाकलं. जाताना ते माझा निरोप घ्यायला आले. म्हणाले, "मास्तर, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही बरोबर सांगितलं होतंत. मीच दोनदा विचारायला हवं होतं." मी त्यांना स्टेशनपर्यंत पोचवायला गेलो. गाडी सुटेपर्यंत आम्ही हवेबद्दल बोललो.

मारोतीची बायको गिरजाबाई तेराव्यानंतर पॉवरहाऊसवर आली. आत आली नाही, दाराशी उभी राहिली.

"मास्तर, लोकं नाना बोलून राहिले. तुमी शिकेल माणूस हाव. कोणाच्यान चुकलं ते सांगा. मला काही करायचं न्हाई. नुसतं सांगा."

मी म्हणालो, "निरोप चुकला, बाई."

"निरोप कसा चुकंल आपल्या आपण," एवढं ती म्हणाली आणि गेली. पुढे ती कनेरगावला भावाकडे राहिली. मला जायला हवं होतं. दहा-बारा वर्षांनी गेलो तेव्हा ती नव्हती.

मी दुसऱ्याच महिन्यात नियम केला. खांबावर चढण्याआधी लाईनमननं फळीवरचा फ्यूज स्वतः काढायचा आणि खिशात घालून न्यायचा. तो खाली उतरून परत लावेपर्यंत लाईन सुरू होऊच शकत नाही. त्यात निरोप लागत नाही, शब्दही लागत नाही. पाटीवर ते चौदावं कलम झालं. 'लाईन बंद करण्याची पद्धत' असंच लिहिलं. हे सगळं त्या इंग्रजी पुस्तकात पहिल्यापासून होतं, मी त्याखाली पेन्सिलीनं रेघही मारलेली होती.

नोकरी मी पुरी केली. पुढे पॉवरहाऊस सरकारनं घेतलं, मग दूरवरून मोठ्या तारांतून वीज यायला लागली आणि आमची इंजिनं भंगारात गेली. सिद्धेश्वरला पूर्णेवर धरण झालं. वीज आता दिवसरात्र असते, निदान तसं म्हणतात. ह्या सगळ्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते दुसरा कोणी लिहील.

निवृत्त झाल्यावर एकदा नांदेडला निघालो होतो. पूर्णा स्टेशनवर गाडी बदलायची. बाकावर शेजारी एक गृहस्थ येऊन बसले, कपड्यांना तेलाचा वास. त्यांनीच ओळखलं.

"मास्तर ना? हिंगोलीचे?"

जोशी होते. केस पांढरे, पण तसेच ताठ. पूर्णेलाच एका तेलगिरणीत इंजिनावर होते. त्या प्रकरणानंतर वीज कंपनीत कुठे घेतलं गेलं नाही, म्हणाले, तक्रारीच्या सुरात नाही. चहा आणला. बराच वेळ इंजिनांबद्दल बोललो. मग ते म्हणाले,

"एक विचारू? त्या टांगेवाल्यानं असं का केलं असेल? 'बंद'चं 'वाढवा' कसं होईल? मी खूप विचार केला. ऐकायला चुकलो असेन म्हणावं, तर मी त्याला विचारूनही घेतलं होतं."

मी म्हणालो, "त्यानं काही केलं नाही. मीच 'वाढवून ठेवा' म्हणालो होतो."

त्यांनी कप खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. चाचांचं, पाटीचं, गाळलेल्या कलमाचं, तपासातल्या भाषांतराचं. शेवटी ते म्हणाले, "आमची आईही दिवा वाढव म्हणायची. शब्द मला माहीत होता, मास्तर. पण कारखान्यात कोणी तसं बोलत असेल असं डोक्यात आलं नाही. तुम्ही मला पहिल्या दिवशी एकदा सांगायचंत."

"हो," मी म्हणालो.

गाडीची पहिली घंटा झाली. जोशींनी खिशातून गिरणीची एक छोटी वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन्सिलीसकट माझ्यापुढे धरली.

"लिहून द्या. बायकोला दाखवायचंय. दर दसऱ्याला ती माझ्या हातून एका माणसाचं जेवण वाढून घेते. तेवीस वर्षं झाली. मी मारलेल्या माणसाचं म्हणून."

मी वही मांडीवर घेतली आणि लिहिलं, 'मी दगडू टांगेवाल्याबरोबर श्री. जोशी यांना असा निरोप पाठवला होता की, बाजारची वाढवून ठेवा. निरोप त्यांना जसाच्या तसा मिळाला. त्यांनी त्याप्रमाणे केले.' खाली सही केली.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "तारीख राहिली."

मी त्या दिवसाची तारीख घातली. त्यांनी मान हलवली. "ही नको. तेव्हाची घाला. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची."

दुसरी घंटा झाली.

"ती घालता येणार नाही, जोशी," मी म्हणालो. "त्या दिवशी मी हे लिहिलं नव्हतं."

त्यांनी वही घेतली. तारखेकडे बराच वेळ पाहिलं, मग पान न फाडता वही मिटून खिशात ठेवली आणि माझी पिशवी उचलून डब्याच्या दारापर्यंत आले.